सतरा नंबरचं पातं

२ तारीख, सोमवार

आले बाई एकदाची! खोली झकास आहे. पहिला मजला, दोन खिडक्या, पलंग, टेबल, आणि भिंती इतक्या पांढऱ्या की बोट लावायची भीती वाटावी. खिळा ठोकायचा नाही, असं घरमालकीणबाईंनी तीनदा बजावलं. म्हटलं, ठोकाठोकीच माझं पोटापाण्याचं काम, घरी कशाला ठोकू? त्या हसल्या नाहीत. असो.

कारखान्यात पवनचक्क्यांची पाती बनतात. मी तपासनीस. धाकट्याला कोण आनंद झालाय! माझा भाऊ, आमच्याच कंपनीच्या पवनचक्क्यांवर दोरीला लटकून पात्यांची डागडुजी करतो. फोनवर म्हणाला, तायडे, तू खाली नीट बघ म्हणजे मला वर काम उरणार नाही. म्हटलं, मेल्या, मग खाशील काय? आई गेल्यापासून त्याला मीच वाढवलाय, तरी ही जीभ कुणाची उचलली कोण जाणे.

४ तारीख, बुधवार

काम कळलं. साच्यात काचेच्या धाग्यांचं कापड थरावर थर अंथरतात, वरून प्लास्टिक झाकून आतली हवा पंपाने ओढून घेतात आणि मग राळ सोडतात. ती कापडात झिरपते, वाळली की सगळं एकजीव, दगडासारखं टणक. पण कुठे हवा अडकली किंवा कापडाला चुणी पडली, की राळ तिथे पोचत नाही. आत कोरडी जागा राहते. फिरताना चीर पडायला सुरुवात होते ती तिथूनच, आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. रंग लागला की पातं नवरीसारखं नटलेलं.

म्हणून आम्ही छोट्या हातोडीने इंचन् इंच वाजवत जायचं, मडकं घेताना वाजवतो तसं. चांगल्या जागी टणटण, कोरड्या जागी बद्द. बद्द आवाज संपेल तिथे खडूची रेघ, वर्तुळ पुरं करायचं, मोजायचं. आठ सेंटिमीटरच्या आत असेल तर पास. जास्त भरलं तर पातं परत.

माझ्या आधीच्या तपासनिसांना सगळे ‘कानवाले’ म्हणायचे. अचानक सोडून गेले म्हणे. का, असं विचारलं तर साहेबांनी चहा मागवला.

१० तारीख, मंगळवार

लिहायची लाज वाटतेय, पण लिहिते. सतरा नंबरचं पातं, मुळाशी, डाव्या अंगाला बद्द वाजलं. वर्तुळ भरलं अकरा. ट्रक सकाळपासून दारात, आणि एवढं धूड रस्त्यावरून न्यायची परवानगी फक्त आजची. साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं, मी दुप्पट ओरडले असते. ते हळू आवाजात म्हणाले, बाई, आवाज कुठे संपतो ते शेवटी कानच ठरवतो ना? कान जरा आत घ्या.

मी वर्तुळ पुसलं. त्याच्या आतून दुसरं काढलं. साडेसात. सही केली. एवढ्याने काय होतंय, असं सगळेच म्हणत होते आणि मीही मान डोलावली.

१३ तारीख, शुक्रवार

टेबल सरकवताना भिंतीला कोपर आपटलं. बद्द!

गिलावा सुटला असेल, म्हटलं. तरी खोड कुठे जाते, हातोडी काढली, वाजवत गेले, खडूने वर्तुळ पुरं केलं. मोजलं तर अकरा. पुन्हा मोजलं. अकराच. हसून सोडून दिलं, पण हसू काही नीट आलं नाही.

१६ तारीख, सोमवार

सोळा भरलं. घरमालकीणबाईंना दाखवलं. त्यांनी वाजवून पाहिलं आणि म्हणाल्या, भिंत ठणठणीत आहे, आणि आधी तो खडू पुसा. त्यांना बद्द ऐकूच येत नाही.

धाकट्याचा फोन आला. त्याच्या टेकडीवर नवी पाती चढलीत. नंबर विचारले. सोळा, सतरा, अठरा. शनिवारपासून फिरतायत, वारंही मस्त सुटलंय, म्हणाला. मी धड बोललेच नाही त्याच्याशी.

१८ तारीख, बुधवार

सव्वीस.

कानवाल्यांचं घर शोधून काढलं. बैठकीच्या भिंतीवर खडूची वर्तुळं, एकात एक, शेवटचं थेट कोपऱ्याला भिडलेलं. मला काही सांगावंच लागलं नाही. त्यांनीही एक वर्तुळ आत घेतलं होतं. मग घरात ते वाढत गेलं, आणि ज्या दिवशी कोपऱ्याला टेकलं त्याच घटकेला तिकडे पातं फाटलं. खाली एक माणूस होता, म्हणाले.

तुमचं काठापासून किती लांब आहे, त्यांनी विचारलं. खिडकीच्या चौकटीपर्यंत हातभर, मी म्हटलं. त्यांनी मान खाली घातली. मला रडू आलं.

२० तारीख, शुक्रवार

मुख्य कचेरीला सगळं लिहून दिलं. नंबर, जागा, पुसलेलं वर्तुळ, माझं नाव. नोकरी गेली तर गेली खड्ड्यात. धाकटा रोज त्या चक्क्यांखाली वावरतो.

संध्याकाळी उत्तर आलं. चक्की थांबवली आहे. दोन दिवसांनी पोटभर जेवले.

२१ तारीख, शनिवार

वर्तुळ हललं नाही. एक केसभरही नाही. देवा!

२३ तारीख, सोमवार, सकाळी नऊ

पुन्हा वाढलंय. चक्की तर बंद आहे. मग कशाने—

भिंतीला कान लावला. आतून ठोके. तीन ठोके, थांबायचं, दोन ठोके. कुणीतरी हातोडीने वाजवतंय.

ही खोड मला माहीत आहे. तो लहानपणी दारही असंच वाजवायचा.

नऊ वीस

कचेरीत फोन केला. म्हणाले, तुमच्या पत्रावरूनच माणूस वर पाठवलाय, जागा तपासायला. कोण, विचारलं. म्हणाले, दोरीवरचा आमचा सगळ्यात भरवशाचा.

माझ्या पत्रावरून. मी पाठवला त्याला. मी.

त्याचा फोन लागतो, उचलत नाही. खाली पिशवीत असेल—

नऊ सव्वीस

दर ठोक्याला रेघ सरकते. डोळ्यांदेखत. चौकटीला चार बोटं उरली—

कचेरीकडून नंबर घेतला, टेकडीवर चक्कीखाली उभ्या असलेल्या माणसाला फोन लागला. ओरडले, उतरवा त्याला, आत्ता! वॉकीटॉकीवर सांगतो म्हणाला. फोन कान आणि खांद्यात अडकवलाय. दुसरं काय करू, लिहितेय—

तीन बोटं

हळू मार रे राजा, हळू—

दोन. डावा तळहात भिंतीवर दाबून धरलाय, हाताखालून सरकतेय—

खालचा म्हणतो, ऐकलं त्याने. उतरतोय. देवा, उतरतोय. फक्त म्हणाला, तायडीची सही आहे या जागेवर, तिच्यावर बोल नको यायला, एकदाच नीट वाजवून बघतो आणि