पिनचं पातं की बिनपिनचं?

दिग्रस, शुक्रवार

आदरणीय व्याही शेषरावजी मुनेश्वर, घाटंजी, यांना उकंडा नगराळे याचा सविनय जयभीम.

आपली व विहीणबाईंची तब्येत उत्तम असेल असं धरून चालतो. थंडीत आपला गुडघा कुरकुरतो असं जावईबापूंकडून कळलं. एरंडाचं पान गरम करून बांधावं (मी बांधतो, उपयोग होत नाही, पण ऊब वाटते). इकडे सर्व ठीक. उर्वशीला नववा लागला आहे, डॉक्टरीणबाईंनी वीस तारखेच्या आसपासचा अंदाज दिला आहे आणि सगळं व्यवस्थित आहे असं त्या तीनदा म्हणाल्या. (दोनदा आपणहून, तिसऱ्यांदा मी म्हणायला लावलं.) तेव्हा आपण काळजी करू नये. फोन सोडून हा माणूस पत्र का लिहितो, असं आपल्याला वाटेल. पस्तीस वर्षं पोस्टात काढलेल्या माणसाचा पत्रावर जीव असतो, हे एक. आणि आमच्या घरात फोनवर बोललेलं सगळं स्वयंपाकघरात ऐकू जातं, हे दुसरं.

विषय लाकडाचा आहे. निवृत्तीनंतर मी सुतारकामाचा छंद धरला हे आपण जाणताच. (आपल्या दारामागची किल्ल्यांची पाटी माझीच. ती पडून आपल्या पायाला लागलं, त्याबद्दल पुन्हा एकदा क्षमस्व.) डोहाळजेवणाच्या दिवशी तिसरी जिलबी पोटात गेल्यावर मी सर्वांदेखत जाहीर केलं, की बाळ घरी यायच्या आत त्याच्या पाळण्यावर लटकायला पाच लाकडी प्राणी तयार असतील, आणि ते मी स्वतःच्या हातानं कापीन. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपण तर पुढल्याच आठवड्यात शिवणीच्या लाकडाची फळी घेऊन, एसटीच्या कंडक्टरशी भांडत, घाटंजीहून इथवर आलात. ती फळी माझ्या खाटेशेजारी भिंतीला टेकून उभी आहे. सकाळी डोळे उघडले की पहिलं दर्शन तिचंच होतं आणि मी कूस बदलतो.

प्राणी कापायचे म्हणजे स्क्रोल मशीन हवी. टेबलावर बसणारी लहानशी करवत असते. जाड दोऱ्याएवढं पातं जागच्या जागी वर-खाली नाचतं आणि आपण फळी फिरवत न्यायची, की सोंड निघते, कान निघतो, शेपूट निघते. ऐकायला सोपं आहे. पण फळी फिरवायची म्हणजे हातानं फिरवायची, आणि हाताला बोटं असतात, हा विचार एकदा डोक्यात शिरला तो शिरलाच. मोबाईलवर मी या विषयाचे निदान चाळीस व्हिडिओ पाहिले. कापणारा माणूस हसत असतो, पण त्याचा एक हात नेहमी फळीआड असतो, त्यामुळे मोजता येत नाही.

आपण म्हणाल, उकंडराव भित्रे आहेत. आहेच. पण माझ्या अंगठ्याची गोष्ट वेगळी आहे. दर नोव्हेंबरात मी जिवंत आहे असं सरकारला सांगावं लागतं, आणि ते अंगठ्यानंच सांगावं लागतं. नोकरीत असताना मीच लोकांच्या घरी जाऊन ते यंत्र पुढे धरायचो. तुळसाबाई म्हणून चौऱ्याऐंशी वर्षांच्या एक पेन्शनर होत्या. निंदणखुरपण करून त्यांचा अंगठा इतका गुळगुळीत झाला होता, की यंत्र काही केल्या ओळखेना. सातव्यांदा नकार आल्यावर त्यांनी मला विचारलं, “मास्तर, मंग मी जिती आहो का मेली?” मी आठव्यांदा यंत्र पुढे धरलं. त्या बाईंजवळ निदान अंगठा तरी होता.

म्हणून मशीन निवडायची माझी रीत मी ठरवली. मशीनवाल्याची बोटं मोजायची, मग किंमत विचारायची. सर्वात आधी रहमत मिस्त्रींकडे गेलो. काम देखणं, माणूस भला, बोटं नऊ आणि थोडं. मी त्या थोड्याकडे बघतोय हे त्यांनी ओळखलं. “मास्तर, हे तं बिजलीच्या रंध्यानं गेलं. ह्या मशीननं बोट नाही जात. जास्तीत जास्त चामडी निघते,” असं त्यांनी मला धीर देण्यासाठी सांगितलं. ‘चामडी’ या शब्दानंतर त्यांनी काय सांगितलं ते मला आठवत नाही. घरी कसा आलो तेही नीट आठवत नाही.

त्यांचा मुलगा अब्रार याचं बसस्टँडजवळ अवजारांचं दुकान आहे (बोटं दहा, पण वय अवघं सव्वीस, म्हणजे अजून काही सांगता येत नाही). त्याच्याकडे दोन मशीनी होत्या. स्वस्तातलीला टोकाला आडवी पिन असलेलं पातं लागतं. नक्षीच्या आत कापायचं तर आधी भोक पाडून त्यातून पातं ओवावं लागतं, आणि पिन जायची तर भोक मोठं हवं. मोठं भोक म्हणजे हत्तीला डोळ्याच्या जागी खड्डा. महागडीचं पातं बिनपिनचं, त्याला बारीक भोक पुरतं, पण ते दर वेळी सोडवून पुन्हा कसावं लागतं, म्हणजे बोटं परत तिथंच. मी मिटल्या डोळ्यांचा हत्ती सुचवून पाहिला. उर्वशी म्हणाली, “बाबा, झोपेल हत्ती पाहून लेकराले काय मजा येईन?” तिचंही बरोबर होतं.

मग थरथर तपासायची. चालू मशीनच्या पाट्यावर नाणं उभं करायचं. ते उभं राहिलं तर मशीन चांगली, अशी रीत आहे. अब्रारनं नाणं उभं केलं, बटण दाबलं. नाणं तसूभर हललं नाही. मी मात्र इतका हललो, की काउंटरवरचे खिळ्यांचे डबे वाजू लागले. या गोष्टीला आता दीड महिना झाला. हल्ली मला बघितलं की अब्रार चहा मागवतो, मशीनचा विषय काढत नाही.

तर प्रश्न असा, की पिनचं घ्यावं की बिनपिनचं? आपण आरा मशीनवर लाकूड कापण्यात तीस वर्षं काढलीत आणि बोटं दहाच्या दहा राखलीत. (डोहाळजेवणात आपण लाडू उचलत होतात तेव्हा मी मोजली. राग नसावा.) आपल्या सल्ल्याशिवाय मी मशीन घेणार नाही. उत्तर पत्रानंच द्यावं. पत्र यायला आठ-दहा दिवस लागतात हे मला चांगलं माहीत आहे, तेव्हा घाई करू नये.

विहीणबाईंना जयभीम. जावईबापूंना आशीर्वाद.

आपला नम्र,
उकंडा नगराळे

ता. क. वर सगळं खरं लिहिलं आहे, एक सोडून. मशीन घेऊन अठरा दिवस झाले. बिनपिनची घेतली. अब्रारनं घरी येऊन बसवून दिली आणि प्लायवूडच्या तुकड्यावर माझ्याकडून हत्ती कापून घेतला. डोळा उघडा आहे, सोंडही जमली आहे. बोटाला ओरखडासुद्धा आला नाही. खरं सांगायचं तर मजा आली. तेव्हापासून मशीन सतरंजीखाली झाकून ठेवली आहे आणि आपल्या फळीला मी हात लावलेला नाही.

ता. क. दोन. त्या दिवशी टाळ्या वाजत होत्या तेव्हा विहीणबाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या होत्या, “इवाई, लेकरू हाती येऊ द्या, मंग करा. आधी कायले करता?” दुसऱ्या कोणी ऐकलं नाही. मी मोठ्यानं हसलो. तीस वर्षं विहारात शकुन-अपशकुनाविरुद्ध भाषणं देतोय, माझी बायको शीला हिनं आणलेला काळा दोरा मी स्वतः उर्वशीच्या मनगटावरून कापला, मी हसणार नाही तर काय करणार? पण फळीवर पेन्सिल टेकवली की ते वाक्य कानात येतं. शेषरावजी, मानत नाही मी हे. जरासुद्धा मानत नाही. फक्त हात उचलला जात नाही. एकच लेक आहे. मी कापायला बसलो आणि तिकडे तिला... पुढचं मला लिहितादेखील येत नाही. म्हणून विनंती, की विहीणबाईंनी एकदा फोन करून एवढंच म्हणावं, “करा, काही होत नाही.” एका दिवसात पाचही प्राणी कापून टाकतो.

ता. क. तीन. पत्राला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून हे स्पीडपोस्टानं पाठवतो आहे. वाचून फाडून टाकावं. रविवारी विहारात माझं भाषण आहे, विषय नेहमीचाच. पण आधी फोन करायला सांगा, मग फाडा.