ओढाबाईंचा आजचा पोशाख

प्रिय भिंगरी,

चौदा महिन्यांनी तुझा निरोप आला, तोही तीन शब्दांचा. पुलावरच्या पाटीचा फोटो आणि खाली, 'हे कोण गं?' बस्स. ना कशी आहेस, ना जेवलीस का. तरी मी तो दिवसभरात पंधरा वेळा उघडून पाहिला. उत्तर फोनवरही देता आलं असतं, पण गोष्ट लांबलचक आहे आणि टाइप करताना तुझ्या आईला दर अक्षराला चष्मा पुसावा लागतो. म्हणून हे पत्र.

तर ऐक. पहिली पाटी दिसली तेव्हा मी कामावर निघाले होते. पुलाच्या कठड्याला एक फळी टांगलेली, वाकड्यातिकड्या पण ठसठशीत अक्षरांत: 'ओढाबाईंचा आजचा पोशाख: जांभळा. काठ फेसाचा. अत्तर कारखान्याच्या मालकांकडून सप्रेम भेट.' मला फस्सकन हसू आलं, आणि लगेच मी वाकून खाली पाहिलं. ओढा तेव्हा नेहमीसारखा मळकटच होता. जांभळं पाणी आमच्या सूत रंगवायच्या कारखान्यातून सुटलं ते तासाभरानं. म्हणजे ओढ्यालाही ठाऊक नव्हतं ते त्या पाटीला आधीच ठाऊक होतं!

मग रोजच सुरू झालं. 'आज मोरपंखी. मासे हयात नसल्यामुळे येऊ शकत नाहीत, असा त्यांचा निरोप आहे.' 'आज लाल. घाबरू नये, खून झालेला नाही. झालाच असेल तर ओढ्याचा.' लोक कामाला जाताना मुद्दाम पुलावरून जाऊ लागले. नाक दाबायचं, वाचायचं आणि नाक सोडून हसायचं. तपासणीचे साहेब येणार होते त्या दिवशी तर कहर झाला. आमच्याकडे साहेब आधी कळवून येतात आणि ते आले की त्या दिवशी पाणी सोडत नाहीत, हे तुला सांगायला नको. पाटी म्हणत होती: 'आज पोशाख नाही. पाहुणे यायचेत म्हणून बाईंनी आंघोळ केली आहे.' साहेबांनी ती वाचली, रुमालात तोंड लपवलं, आत येऊन चहा प्यायले आणि गेले. मालकांच्या चेहऱ्यानं मात्र त्या दिवशी आमच्या सगळ्या छटा एकामागोमाग एक करून दाखवल्या.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. रंगखात्यात उद्याचा रंग कुठला, हे फक्त मला आणि फोरमनला माहीत असतं. आठ दिवसांत माणूस शोधून द्या, नाहीतर दोघंही घरी बसा, असं मालकांनी सुनावलं. नोकरी जायची भीती होतीच, पण खरं सांगू? उत्सुकताच जास्त होती. असलं डोकं आपल्या गावात आहे तरी कुणाचं? फोरमन असणं शक्य नव्हतं. त्याला विनोद सांगितला तर तो लेखी मागतो. पोस्टमनला खोदून खोदून विचारलं. पुलाजवळच्या न्हाव्याकडे उगाच जाऊन बसले. तो म्हणे, मला असलं सुचलं असतं तर मी माझ्याच दुकानाला लावलं नसतं का!

आणि मग गुरुवारी पाटी चुकली. आठवतं ना, उद्याच्या रंगाचा धागा मी आदल्या संध्याकाळी घरी आणून स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या खिळ्याला बांधते? कारखान्यातल्या दिव्यांखाली रंग फसवतो, सकाळच्या उजेडात खरा कळतो. त्या बुधवारी मी फिरोजी धागा बांधला. गुरुवारी कामावर पोचते तो मागणी रात्रीच बदललेली, फोरमनलाही ते तेव्हाच कळलेलं, त्यामुळे टाकीत फिरोजी गेलाच नाही, गेला तो डाळिंबी. पाटीवर मात्र लिहिलं होतं 'फिरोजी'. लोक पाटीला हसले. मला काही हसू येईना. बुधवारी रात्री फिरोजी जगात एकाच जागी होता, माझ्या खिळ्यावर. काखेत कळसा नि गावाला वळसा!

घरी आले तर तुझे बाबा शेंगा सोलत बसलेले. पाट्या रंगवणं सोडून त्यांना चार वर्षं झाली. उजवा हात थरथरायला लागला तसे त्यांचे ब्रश मीच कापडात गुंडाळून कपाटावर ठेवले होते. विचारलं तर म्हणाले, डाव्या हातानं लिहितो. उजव्यानं जमत नाही, आणि तुला ओळखू येऊ नये हेही होतंच. मी चिडले गं. म्हटलं, माझी नोकरी घालवता का? तर म्हणतात, ही थट्टा माझी नाहीच, पोरीची आहे. सहा वर्षांची असताना तू त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत जायचीस, आणि पूल आला की विचारायचीस, बाबा, ओढ्यानं आज काय घातलंय? आणि ते शिंप्यासारखं उत्तर द्यायचे. घरी ते ऐकून आपण तिघंही हसायचो. बाबा म्हणाले, आपणच तिला त्यावर हसायला शिकवलं, आणि तिचं हसू थांबलं तेव्हा तिच्यावरच रागावलो.

चौदा महिन्यांपूर्वी तू माझी धाग्यांची वही मागितलीस तो दिवस आठवला. रोजचा धागा, तारीख, कुठला रंग, कुठली रसायनं, सगळं त्या वहीत. ती तुला कारखान्याविरुद्धच्या तक्रारीला जोडायची होती. मी म्हटलं, ज्यांचं मीठ खाऊन तू शिकलीस त्यांच्यावरच उलटतेस? आणि कपाटाला कुलूप लावलं. तू न जेवता गेलीस. चुकलं माझं, भिंगरी. घाबरले होते, आणि भीतीला मी इमान म्हणत होते.

आठ दिवस उद्या संपतात. मी मालकांना सांगणार आहे की माणूस माझ्याच घरात सापडला. उद्याची पाटी आम्ही दोघांनी मिळून लिहिली आहे: 'आजच्या पोशाखाची चौकशी रंगखात्यातल्या बाईंकडे करावी.' तू विचारलंस ना, हे कोण? आपलंच घर गं ते. पाकिटात या पत्राखाली जाडजूड हाताला लागतंय ती तू मागितलेली वही आहे, एकोणीस वर्षांच्या धाग्यांची. आता जोड कुठे जोडायची तिथे. शेवटच्या पानावर फिरोजी धागा आहे, तो ओढ्यात कधी गेलाच नाही. तेवढा पुराव्यात धरू नकोस. तो बाबांनी तुला पाठवलाय.

वाट बघणारी, तुझीच
आई