निळ्या झाकणाची बरणी आणि मुदत संपलेली टेप

आदरणीय ताई,

नमस्कार. साडूभाऊंनाही नमस्कार (पत्र तेच आधी फोडतील, म्हणून त्यांचा नमस्कार वरच घातला आहे). तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलं आणि तुम्ही डॉक्टरच बदललात, असं कळलं. नवे डॉक्टर तुमच्या मनासारखं बोलतात ना? माझी तब्येत बरी आहे. वेळेवर जेवतो. स्वयंपाक जमतो, फक्त अजून दोघांचाच होतो, म्हणून तोच दुसऱ्या दिवशीही खातो. झोप लागते. तुम्ही जे जे विचारलं असतं त्याची उत्तरं इथेच देऊन टाकली आहेत, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

मला पत्र लिहायची सवय नाही. आमच्या घरातर्फे जे काही लिहायचं-बोलायचं ते सगळं ही करायची. मी खाली ‘माझाही नमस्कार’ एवढं जोडत असे. पण ऑफिसात एक प्रकार घडला आणि त्यात तुमचा विषय निघाला. घाबरू नका, पोलीस वगैरे काही नाही. फक्त वकील आहेत.

माझं काम काय ते मी तुम्हाला पूर्वी दोनदा सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा तुम्ही ‘म्हणजे कॅसेटी भरता’ असं म्हणाला होतात. तेच धरून चालू. ऑफिसच्या कॉम्प्युटरांत जे काही साठतं त्याची नक्कल टेपेवर उतरवायची आणि ती टेप कपाटात ठेवायची. कॉम्प्युटर बिघडला तर नक्कल कामी येते. पण कपाट एवढंच आणि टेपा महाग, म्हणून ठरावीक मुदतीनंतर जुनी टेप काढून तिच्यावरच नवं उतरवायचं. मग जुनं गेलं ते गेलंच. हिशेब किती वर्षं ठेवायचे, पत्रव्यवहार किती, फोनवरचे निरोप किती, हे ठरवायला ऑफिसात कोणी पुढे येईना. प्रत्येकाला आपलं सगळं कायमचं ठेवायचं होतं आणि दुसऱ्याचं उद्याच पुसायचं होतं. शेवटी मुदती मी ठरवल्या आणि नियमही मीच लिहिले. (हे काम तुमच्याकडे दिलं असतं तर आजवर एकही टेप पुसली गेली नसती. तुमच्या पहिल्या मिक्सरचं खोकं अजून आहे, दुसऱ्या मिक्सरच्या खोक्यात. आणि हिच्याकडे, तुमच्या धाकट्या बहिणीकडे, दिलं असतं तर दुपारपर्यंत कपाट रिकामं होऊन तिथे कुंडी आली असती.)

फोनवरच्या निरोपांना मी एक वर्ष दिलं. तेही तेव्हा जास्तच वाटलं होतं. निरोपात असतं काय, ‘आल्यावर फोन करा’ यापलीकडे? पण टेपांच्या खोलीत मोबाइल लागत नाही आणि पंख्यांच्या आवाजात टेबलावरचा फोन ऐकू येत नाही, त्यामुळे ही फोन करायची तेव्हा बहुतेक वेळा मशीनच उचलायचं. ते मशीन एका बाईच्या आवाजात बोलतं. ही आधी त्या बाईंना ‘बरं बाई, सांगते’ म्हणायची आणि मग मला बोलायला सुरुवात करायची. मी ऐकायचो आणि पुसायचो. ऐकलेला निरोप लगेच पुसावा, हा नियमही माझाच. (मशीनवरून पुसला, तरी त्याची नक्कल टेपेवर आधीच उतरलेली असते.)

तर या महिन्यात पुन्हा वापरायला जी टेप निघाली ती गेल्या वर्षीच्या त्या महिन्याची होती, जेव्हा ही अजून हिंडत-फिरत होती. त्या टेपेवर हिचा एक निरोप आहे, हे मला ठाऊक होतं. कोणता, तेही ठाऊक होतं. मी ती टेप रांगेत सगळ्यांत मागे लावली. रांग सरकली, ती पुन्हा पुढे आली. पुन्हा मागे लावली. असं किती वेळा करणार? शेवटी माझ्या टेबलाच्या खणात ठेवली. खणात माझा जेवणाचा डबा असतो. टेपेला वास लागू नये म्हणून ती रुमालात गुंडाळली. एवढं करूनही मी चोरी करतोय असं मला वाटलं नाही. नवे साहेब कपाटापाशी येऊन टेपा मोजायला लागले तेव्हा मात्र वाटलं.

हे साहेब वयाने माझ्याहून बरेच लहान आहेत आणि चांगले आहेत, पण मोजतात. “एक कमी आहे,” ते म्हणाले. मी म्हटलं, “खणात आहे.” “खणात का आहे?” मी गप्प. (तुम्हाला माझं गप्प बसणं माहीत आहे. तुम्ही त्याला ‘भिंतीशी बोलणं बरं’ म्हणता.) साहेबांनी माझेच नियम काढून मलाच वाचून दाखवले. मुदत संपलेली टेप कोणत्याही कारणाने मागे ठेवू नये. अपवाद एकच. टेपेवरच्या मजकुराबद्दल वाद चालू असेल, तर वकिलांच्या संमतीने ती वाद मिटेपर्यंत राखून ठेवावी. “आता तुम्हीच सांगा,” साहेब म्हणाले, “आहे का काही वाद?”

ताई, मी आयुष्यात ऑफिसात खोटं बोललो नाही. तेव्हाही बोललो नाही. मी म्हटलं, “आहे. बरणीचा.”

आमच्या वकीलबाई दुसऱ्या मजल्यावर बसतात. चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधतात, पण कामाला पक्क्या. त्यांनी मला आणि साहेबांना समोर बसवलं आणि विचारलं, वाद कोणाकोणात? मी म्हटलं, माझी पत्नी आणि तिची थोरली बहीण. कशाबद्दल? निळ्या झाकणाची बरणी. आम्ही घर बदललं तेव्हा थोरलीने दिली होती. थोरलीचं म्हणणं, परत आली नाही. धाकटीचं म्हणणं, साडूभाऊंच्या देखत परत केली. साडूभाऊंचं म्हणणं काय, असं बाईंनी विचारलं. ते दोन्ही बाजूंना हो म्हणतात, असं मी सांगितलं. “हुशार आहेत,” बाई म्हणाल्या. आणि टेपेवर पुरावा आहे? आहे. मग ऐकवा.

ऐकवला. आता तुम्हालाही सांगणं भाग आहे. खाली बसून वाचा.

“बरं बाई, सांगते. अहो, मी बोलतेय. कुठे असता तुम्ही? बरं, ऐका. माळ्यावर चढले होते. ओरडू नका, उतरलेय. ताईची बरणी सापडली. हो, तीच. झाकणासकट. जुन्या पडद्यांत होती. आता ताईला यातलं एक अक्षर बोलायचं नाही, सांगून ठेवते. जन्मभर ऐकवेल ती मला. आणि तुम्ही सगळे नियम पाळता ना, मग जेवायचीही वेळ पाळा जरा. ठेवते हं.”

ठेवलाच नाही. रिसीव्हर ओट्यावर ठेवून ही कामाला लागली. पुढे नळाचा आवाज आहे, बरणीवर काहीतरी घासल्याचा आवाज आहे, आणि ही गुणगुणते आहे (तुम्हाला माहीतच आहे, सुरात कधीच नाही). मशीनची जागा संपेपर्यंत तेच आहे. मला वाटलं होतं साहेब मधेच बंद करायला सांगतील. ते कॉम्प्युटरकडे झुकून ऐकत होते. “बरणी धुतायत वाटतं,” एवढंच म्हणाले.

मग म्हणाले, “अहो, याची एक नक्कल घरी घेऊन जा ना.” मी म्हटलं, टेपेवरचं काहीही वैयक्तिक कारणासाठी बाहेर न्यायचं नाही, असा नियम आहे. “नियम कोणाचा?” “माझा.” “मग बदला की!” मी म्हटलं, माझ्यावर वेळ आली म्हणून बदलला तर बाकीच्यांना इतकी वर्षं नाही कशाला म्हटलं? साहेबांनी वकीलबाईंकडे पाहिलं. “हे घरीही असेच असतील?” बाई म्हणाल्या, “आत्ता ऐकलंत ना.”

बाईंनी चष्मा सापडल्यावर निकाल दिला. पुरावा थोरलीच्या बाजूचा आहे. धाकटी आता नाही, पण म्हणून वाद संपत नाही, कारण थोरलीचं म्हणणं उभं आहे. ते उभं असेपर्यंत टेप राखून ठेवावी. मी उठलो, तेवढ्यात त्यांनी विचारलं, “थोरलीने म्हणणं मागे तर घेतलं नाही ना?”

ताई, तुमचं ते पत्र, ही गेल्यावर आलेलं. त्यात तुम्ही लिहिलं होतं, ‘बरणीचं आता माझं काही म्हणणं नाही.’ मी बाईंना तेही सांगितलं. साहेबांनी कपाळाला हात लावला. बाईंनी चष्मा काढून पुन्हा डोक्यावर ठेवला. मग म्हणाल्या, “दुःखात लिहिलेलं मी धरत नाही. पण नव्याने लेखी आणा.”

असा सगळा प्रकार. टेप सध्या बाईंच्या कपाटात आहे, रुमालासकट. बाकी इथे ठीक. साडूभाऊंनी बरणीबद्दल आता नवीन काही आठवू नये, ही विनंती. गुडघ्याला जपा.

तुमच्या धाकटीचा नवरा

ता. क. नव्या डॉक्टरांनीही जिने चढू नका सांगितलं तर तिसरे शोधू नका.

आणखी एक ता. क. खरं काम राहिलंच. मला एक पत्र हवं आहे, आणि ते रागाचं हवं आहे. बरणी परत पाहिजे म्हणजे पाहिजे, असं लिहा. समजूतदारपणा अजिबात नको. हिला पूर्वी जसं लिहायचात तसं, ‘माझी बहीण नसतीस तर दाखवलं असतं’ वगैरे. लेखी कागद दर वर्षी ताजा लागेल, असं वकीलबाई म्हणतात, तेव्हा राग एकदम सगळा संपवू नका. माफ तर कधीच करू नका.

शेवटचा ता. क. तुमच्या पत्राला उत्तर मी देईन. ते आजच कळवून ठेवतो, कारण आमच्या बाजूने भांडायला आता मीच आहे. टेपेवर काय आहे ते आम्हाला माहीत नाही. बरणी आम्ही साडूभाऊंच्या देखत परत केली आहे.