चिरंजीवांच्या निर्णयाचा मान

७ एप्रिल

गेला. एक बॅग घेतली आणि गेला. दवाखान्यात दिवसभर लोकांच्या छातीचे एक्स-रे काढतो, म्हणून आम्हाला त्याच्यापासून धोका म्हणे! साथ ओसरेपर्यंत वेगळा राहणार. सोबत काम करणाऱ्याची खोली रिकामी आहे, दोन गल्ल्या पलीकडे. आमचे चिरंजीव सत्तावीस वर्षांचे झाले आणि आईला न विचारता जगायला शिकले.

हे म्हणाले, तो मोठा आहे, विचार करून ठरवलंय त्याने, आपण त्याच्या निर्णयाचा मान राखू. ठीक. राखू की. असा राखू की दिवसा तारे दिसतील त्याला.

११ एप्रिल

फोन आला. जेवलास का, विचारलं नाही. एवढ्या कर्त्या माणसाला काय विचारायचं? त्यानेच सांगितलं — खोलीतली शेगडी चालत नाही, पावावर भागवतोय. मी म्हटलं, अरे वा, स्वावलंबन! त्याने गुपचूप फोन ठेवला. बरं वाटलं मला. खोटं कशाला लिहू?

१६ एप्रिल

माझ्या पार्लरला कुलूप, पण बायकांच्या भुवया वाढायच्या थोड्याच थांबतात? मागच्या दाराने घरीच एकेक येते. आज शिंपीणबाई येऊन गेली, मग बँकेतली. मास्क हनुवटीवर ओढावा लागतो — दोऱ्याचं टोक दातात धरल्याशिवाय भुवया होत नाहीत, त्याला मी काय करू? ह्यांना पत्ता नाही. ह्यांचं घड्याळांचं दुकान बंद असलं तरी हे दुपारी तिथे जाऊन बसतात, घड्याळांना किल्ली द्यायला. तेवढ्यात माझं उरकतं.

बँकेतली म्हणाली, पोराला असं वेगळं राहू दिलंत, किती समजूतदार आईबाप! आमच्याकडे रडारड झाली असती. माझ्या तोंडात दोरा. नुसती मान हलवली. पण दिवसभर तेच आठवून खूश होते.

२२ एप्रिल

आता साहेबांना आमची आठवण यायला लागली! म्हणाला, संध्याकाळी खिडकीखाली येऊन उभा राहतो, तुम्ही वरून बघा, लांबूनच बोलू. आवाज रडवेला होता. हे तर पडदा सारायला उठलेसुद्धा. मी त्यांच्या हातातून फोन घेतला.

"नको रे बाबा. वेगळं राहायचं तू ठरवलंस ना? मग पूर्ण राहा. आम्ही मान राखतोय तुझ्या निर्णयाचा. साथ संपेपर्यंत या गल्लीत दिसू नकोस."

"आई, खाली उभं राहिल्याने काय होतंय?"

"धोका आहे, असं तूच सांगितलंस."

ठेवून दिला. ह्यांनी पडदा पुन्हा ओढून घेतला आणि अर्ध्या जेवणावरून उठले. उठू देत. मला एकच हवंय. तो नाक घासत घरी यायला हवा. नुसतं भेटायला नाही, राहायला. पुन्हा जाणार नाही असं म्हणत.

२५ एप्रिल

हे दुकानातून उशिरा येतात हल्ली. बंद दुकानात इतका वेळ काय करतात कोण जाणे. पण चेहरा खुललाय. माझंही बरंच आहे, दोन भुवया जास्त होतात.

३ मे

सकाळपासून अंग कणकणतंय. क्रीमची बाटली उघडली — वास नाही. फिनेल हुंगून पाहिलं — नाही! बँकेतली तापाने पडलीय, असं शिंपीणबाई परवाच सांगत होती. काय समजायचं ते समजले.

ह्यांना बोलले नाही. बोलले तर भुवयांचं बाहेर येणार. मग चिरंजीवांचं काय विचारता! मी तुमच्यासाठी पाव खाल्ला आणि तू घरात आणलंस, असं आयुष्यभर ऐकवणार. नको. एक गोळी घेतली. झोपले नेहमीसारखी ह्यांच्या शेजारी. दुसऱ्या खोलीत गेले असते तर त्यांनी विचारलं असतं.

९ मे

मी खडखडीत. ह्यांना ताप.

११ मे

खोकला आटोपेना. शेवटी हॉस्पिटलची गाडी बोलावली. जिन्यात दम खायला थांबले आणि म्हणाले, "त्याला कळव. आम्ही दोघं रोज दुकानात बसायचो. त्याच्यावर चिडू नकोस, मीच बोलवायचो."

मला आधी कळेचना. खिडकीखाली मी उभं राहू दिलं नाही, म्हणून दुकानात! मला कोणी येऊन सांगू नये म्हणून शटर खाली ओढून. त्या काडेपेटीएवढ्या जागेत, गुडघ्याला गुडघा लावून. माझ्या नाकावर टिच्चून! इतका संताप आला की गाडी निघाली तरी मी हात हलवला नाही.

१७ मे

हे गेले. चेहरा पाहू दिला नाही.

२० मे

चिरंजीवांचा रिपोर्ट आला. त्यालाही झालंय. त्रास काही नाही, खोलीत बसून आहे. फोनवर म्हणाला, "आई, माझ्याकडूनच झालं का गं बाबांना?"

मला ठाऊक आहे आधी कोणाला झालं ते. कोणापासून, तेही ठाऊक आहे. अगदी ओठांवर आलं होतं.

"आता ते बोलून काय उपयोग?" मी म्हटलं.

तो ओक्साबोक्शी रडला. मी फोन कानाला धरून बसून राहिले.

६ जून

दुपारी बॅग घेऊन आला. तिकडची खोली सोडली. म्हणाला, बाबांना मी मारलं, आता तुला सोडून कुठेही जाणार नाही, कधीच.

खरं सांगितलं तर आत्ता जाईल. पान वाढलं. जेव म्हटलं.