शालिनीला गेलेली जाहिरात

मंगळवार, १२ ऑगस्ट २००३, वर्धा

माझ्या ईमेलवरून बालमैत्रीण शालिनीला वधूवर मंडळाची इंग्रजी जाहिरात गेली: पुनर्विवाह करा. तिचा नवरा जाऊन महिनासुद्धा झालेला नाही. मी पाठवली नाही, पण खाली नाव माझंच.

पाठवली सायबर कॅफेवाल्यानं. "पासवर्ड विसरसान मॅडम, वहीत लिहून ठेवतो," म्हणाला होता, आणि मी सांगितला. का सांगितला? आज जाब विचारला तर म्हणे, "सगळ्यांच्याच नावानं पाठवून राह्यलो. जाहिरातच तं आहे!"

पोलीस ठाण्यात हवालदारानं विचारलं, "बाई, चोरीले काय गेलं?"

"नाव."

"नाव तं तुमच्यापाशीच आहे. पासवर्ड तुमीच देला, मंग जबाबदारी कोनाची?"

असल्या ईमेलच्या फसवणुकीसाठी कायदा झालाय म्हणतात. ठाण्यात अजून पोचलेला नाही.

शेवटी जबलपूरला शालिनीलाच फोन केला. म्हटलं, "कॉन्व्हेंटात दहा वर्षं एका बाकावर बसलो. 'मॅरेज'च्या स्पेलिंगमध्ये एकच आर पाहूनही कळलं नाही तुला, की हे माझं लिहिणं नव्हे?"

ती म्हणाली, "तुझं सांत्वनाचं पत्र आलं असं वाटलं, म्हणून उघडलं होतं गं."

ते मी अजून लिहिलेलंच नव्हतं.