दुसऱ्या व तिसऱ्या मजल्यांमधील वळणावर झालेली सभा ग्राह्य धरण्याबाबत

प्रति,
मा. समन्वय अधिकारी,
ज्येष्ठ-आरोग्य संशोधन मंडळ,
तिसरा मजला.

विषय : 'ज्येष्ठांमधील संसर्ग : संशोधनाचे अग्रक्रम' या यादीत प्रश्न क्र. ३५ घेणे, व तो ज्या सभेत ठरला ती सभा झाली होती असे मान्य करणे.

संदर्भ : १) मंडळाचे निमंत्रण, दि. २ फेब्रुवारी. २) आपले नकारपत्र, दि. ४ मार्च.

महोदय,

१. मी सव्वीस वर्षे प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ म्हणून काम करते. मंडळाने नेमलेल्या नऊ ज्येष्ठ सदस्यांच्या गटाची मी टिपणकार आहे. मला मताचा अधिकार नाही. नऊपैकी एक सदस्य माझी आई आहे (वय ८४). हे आधीच सांगते, म्हणजे पुढील मजकूर वाचताना आपल्याला तेवढी सावधगिरी बाळगता येईल.

२. गटाचे काम असे होते : तज्ज्ञांनी तयार केलेल्या चौतीस प्रश्नांतून दहा निवडून त्यांचा क्रम लावणे. पुढील पाच वर्षे संशोधन याच दहा प्रश्नांवर होणार आहे. सभा २० फेब्रुवारीस सकाळी अकरा वाजता, तिसऱ्या मजल्यावरील खोलीत होती. निमंत्रणातील नियम ६ प्रमाणे अकराला दार बंद होते, दाराबाहेरील सदस्य गैरहजर समजले जातात आणि गैरहजर सदस्यांना मंडळाने आधीच काढलेली दहा प्रश्नांची कच्ची यादी मान्य आहे असे धरले जाते.

३. त्या दिवशी लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद होती. याबद्दल तक्रार नाही, यंत्रे बिघडतात. जिन्याला एकूण सहासष्ट पायऱ्या आहेत. आम्ही दहा वाजून दहा मिनिटांनी निघालो. शेवटचे सदस्य दुसऱ्या व तिसऱ्या मजल्यांमधील सपाट जागी (यापुढे 'वळण') पोहोचले तेव्हा दहा चोपन्न झाले होते. खोली अकरा पायऱ्यांवर होती. आतापर्यंतच्या वेगाने सर्वजण अकरा वाजून तीन मिनिटांनी पोहोचले असते. चार सदस्य वेळेत जाऊ शकले असते, पण गणपूर्ती सहाची आहे.

४. माझी आकडेमोड ऐकून आई म्हणाली, "मग इथंच बसू की. खोलीत गेल्यावर माणसं उगाच नम्र होतात." निवृत्त परिचारिका असलेल्या सदस्या (सर्वजण त्यांना सिस्टर म्हणतात) यांनी अनुमोदन दिले. दहा छप्पन्नला सभा सुरू झाली. वरून आपल्या कार्यालयातील एका लिपिकाने कठड्यावरून वाकून हाक मारली, "आजोबा, सभा वर आहे!" त्यावर शिंपीकाका (सदस्य, निवृत्त शिंपी) म्हणाले, "मग तिला म्हणावं, अकरा पायऱ्या तूच उतर." लिपिक हसले, आत गेले आणि थोड्याच वेळात नऊ कप चहा घेऊन खाली आले. निमंत्रणातील नियम ९ प्रमाणे 'चहा फक्त सभास्थानी देण्यात येईल'. मंडळाने चहा वळणावर दिला. सभास्थान कोणते, हे यावरून ठरावे अशी सिस्टरांची विनंती आहे.

५. आता मूळ मुद्दा. चौतीस प्रश्न मोठ्याने वाचून झाल्यावर शिंपीकाका म्हणाले, "पहिल्या प्रश्नात मी मरतो, दुसऱ्यात मरतो, सातव्यातही मरतो. जगलो तर काय, ते कुठं लिहिलंय?" मी तिथेच वर्गवारी केली. एकोणीस प्रश्नांत मोजमाप मृत्यूचे आहे, अकरांत रुग्णालयातील दिवसांचे, चारांत औषधांच्या तुलनेचे. एकही प्रश्न रुग्णालयाच्या फाटकाबाहेर येत नाही. हे प्रश्न चुकीचे आहेत असे कोणाचेही म्हणणे नाही. टपालकाका (बत्तीस वर्षे घरोघर पत्रे पोहोचवून निवृत्त) एवढेच म्हणाले, "पत्र दारापर्यंत नेलं नाही तर ते पोहोचलं असं मी कधी लिहिलं नाही."

६. त्यातून प्रश्न क्र. ३५ तयार झाला. सूचक आई, अनुमोदक टपालकाका. तो असा : "फुप्फुसाचा संसर्ग बरा झाल्यावर वृद्ध माणसाला पूर्वीइतक्या पायऱ्या चढता यायला किती दिवस लागतात, आणि ते दिवस कशाने कमी होतात?" तो पहिल्या क्रमांकाने आणि एकमताने मंजूर झाला. आपण पत्रात 'सदस्य दमलेले असल्याने मत मोकळेपणाने दिले गेले नसावे' अशी शंका घेतली आहे. सदस्य दमलेले होते हे खरे. परंतु प्रश्न क्र. १२ वर याच दमलेल्या सदस्यांनी चाळीस मिनिटे भांडण केले व मत पाच विरुद्ध चार असे पडले.

७. प्रश्नामागची हकिगत थोडक्यात सांगते. सहा महिन्यांपूर्वी आईने एका सकाळी मला मावशीच्या नावाने हाक मारली आणि चष्मा फ्रीजमध्ये ठेवला. ताप नव्हता. वयामुळे विसरते, असे सर्वांनी म्हटले. मीही म्हटले, आणि माझे शिक्षण पाहता मी म्हणायला नको होते. तो फुप्फुसाचा संसर्ग निघाला. अकरा दिवसांनी 'पूर्ण बरी' असा शेरा घेऊन ती बाहेर आली. तिचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे, पायऱ्या एकावन्न, लिफ्ट नाही. पूर्वी ती दिवसातून दोनदा चढत असे. तेव्हापासून ती माझ्याकडे तळमजल्यावर राहते. वळणापर्यंतच्या पंचावन्न पायऱ्या ती थांबत थांबत एकदा चढली, पण रोजची चढउतार तिला अजून जमत नाही. घरी कधी जाता येईल, हे तिने तीन डॉक्टरांना विचारले. एक म्हणाले, "वय झालं आता." दुसरे म्हणाले, "हळूहळू." तिसऱ्यांनी हसून तिचा खांदा थोपटला. मी स्वतः वाचनालयात दोन महिने शोधले. तिला तारीख सांगता येईल असे काही हाती लागले नाही.

८. आपले म्हणणे असे की संसर्ग संपला तिथे मंडळाचे काम संपले, पुढे सांधे विभागाकडे विचारावे. मी विचारले. त्यांनी आईचे गुडघे तपासले, ते उत्तम असल्याचे कळवले, आणि त्रास संसर्गापासून सुरू झाल्याने मंडळाकडे विचारावे असे लिहिले. दोन्ही पत्रे एकाच मजल्यावरील शेजारशेजारच्या दारांतून निघाली आहेत. मधल्या काळात दोन्ही विभागांनी एकमेकांना जिन्यात गाठले असते, तर हा परिच्छेद लिहावा लागला नसता.

९. वळणापर्यंत चढताना प्रत्येक सदस्याला लागलेला वेळ मी नोंदवला आहे. गेल्या दोन वर्षांत फुप्फुसाचा संसर्ग झालेले पाच सदस्य इतर चौघांपेक्षा हळू होते. नऊ माणसांवरून निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय संसर्गाआधी ते किती वेगाने चढत, याची नोंद कोणाकडेही नाही. ती नोंद कुणी तरी ठेवायला लागावी, एवढ्यासाठीच हा खटाटोप आहे.

१०. यादीवर येत्या शुक्रवारी सह्या होणार आहेत. म्हणून विनंती :

अ) २० फेब्रुवारीची सभा ग्राह्य धरावी आणि प्रश्न क्र. ३५ पहिल्या क्रमांकावर घ्यावा.

आ) ते शक्य नसल्यास गुरुवारी फेरसभा घ्यावी. खोलीतच हवी असेल तर आमची हरकत नाही, फक्त इमारतीचे फाटक सकाळी आठला उघडावे आणि प्रत्येक वळणावर दोन खुर्च्या असाव्यात. आईला शिपायांनी खुर्चीत बसवून वर नेण्याची आपली सूचना तिने आभारपूर्वक नाकारली आहे.

इ) हजेरीपत्रकात 'हजर' व 'गैरहजर' यांच्या मध्ये 'वाटेत' असा एक रकाना काढावा. टपालकाकांनी पट्टीने आखून नमुना दिला आहे.

ई) यांपैकी काहीच मान्य नसल्यास उरलेले नऊ प्रश्नही परत करावेत. सदस्य त्यांची निवड मागे घेत आहेत. हा ठरावही एकमताने झाला, आणि या वेळी सर्वजण बसलेले होते.

११. प्रश्न पाच वर्षांनी, पुढच्या यादीच्या वेळी पुन्हा पाठवावा, असे आपण सुचवले आहे. मी ते आईला वाचून दाखवले. तिचे उत्तर तिच्याच अक्षरात सोबत जोडले आहे. त्यात मी काही सुधारलेले नाही.

शुक्रवारपूर्वी कळवल्यास नऊही जणांना निरोप देणे मला सोपे जाईल.

आपली नम्र,
(सही)
टिपणकार, ज्येष्ठ सदस्य गट
दि. १२ मार्च

सोबत :
१) सभेचे इतिवृत्त, नऊ सह्यांसह. (दोन सह्या भिंतीवर कागद धरून केल्याने तिरक्या आहेत.)
२) चढण्याच्या वेळांचा तक्ता.
३) सांधे विभागाचे पत्र.
४) 'वाटेत' रकान्याचा नमुना.
५) आईचे निवेदन, पुढीलप्रमाणे : "साहेब, पाच वर्षं थांबायला माझी ना नाही. पण मी माझ्या घरी थांबेन. तिथवर कसं जायचं, तेवढं आधी शोधा."