उचललेलं पेन

सर,

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी फारशी इच्छाही नाही.

डोंबिवलीहून वागळे इस्टेटमधल्या औषध कंपनीच्या त्या लॅबमध्ये आले तेव्हा मी एम.एस्सी.चा टेंभा मिरवत होते. पहिल्याच आठवड्यात तुम्ही तो उतरवलात. खोकल्याच्या सिरपमधलं औषध मोजायचं होतं. तोटीच्या, बुचाच्या काचेच्या फनेलमध्ये सिरप, रंग आणि क्लोरोफॉर्म घालून मी ते असं घुसळलं की दोन थर वेगळे व्हायच्या ऐवजी सगळं दुधाळ होऊन बसलं. "ताक करायला आलीस का?" तुम्ही सगळ्यांदेखत विचारलंत. मग शेजारी उभं राहून शिकवलंत: फनेल हलकेच उलटं करायचं, तोटी उघडून वाफ सोडायची, थर सुटेपर्यंत गप्प बसायचं. औषधाचा कण रंगाच्या कणाशी जोडी जमवतो आणि जोडीनेच क्लोरोफॉर्ममध्ये उतरतो, हे तुम्ही इतकं छान समजावलंत की मी तुम्हाला गुरू मानलं. इतकं मानायला नको होतं.

या पद्धतीत एक खोट होती, तीही तुम्हीच दाखवलीत. औषध बिघडून जे तयार होतं तेसुद्धा रंगाशी जोडी जमवतं, त्यामुळे खराब सिरपही पास होतं. पुढे क्रोमॅटोग्राफीचं मशीन आलं. त्याच्या कॉलममधून, म्हणजे आतल्या भरीव नळीतून, चांगलं औषध आधी आणि बिघडलेलं नंतर बाहेर पडायचं आणि रेकॉर्डरचं पेन कागदावर दोन उंचवटे काढायचं; दुसरा उंचवटा आला की सिरप खराब.

त्या दिवशी पहिला उंचवटा काढून पेन खाली येतं आणि थोड्या वेळाने पुन्हा चढू लागतं. कॉलम अजून स्थिरावला नसेल, असं तुम्ही म्हणता. मी सकाळपासून त्यातून द्रावण सोडून ठेवलंय, हे तुम्हाला ठाऊक आहे. खाली टेम्पोत त्याच सिरपचे खोके चढताहेत. मी सॅम्पल पुन्हा सोडते, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पहिला उंचवटा संपताच तुम्ही खिडकीकडे बघत म्हणता, "पेन उचल. आपल्याला हवं ते आलंय."

पेन उचललं गेलं. माल गेला. कल्याणच्या एका दवाखान्यात ते सिरप प्यायलेली दोन मुलं दाखल झाली. वाचली, पण चौकशी लागली. कंपनीच्या साहेबांच्या टेबलावर तो कागद होता, रेघ मध्येच तुटलेली. हे कोणी केलं, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "सरांनी. स्वतःच्या हाताने."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "हो."

तुमची नोकरी गेली, मला तुमची खुर्ची मिळाली. माझा हात तुम्ही वाईट कामाला लावलात, आणि वर त्या एका शब्दाने मला कायमचं मिंधं करून ठेवलंत. याचीच जास्त चीड येते.

तुमची मुलगी मानपाड्याला राहते. रस्त्यात भेटली की ती मान खाली घालते, वडिलांनी केलं म्हणून. हे पत्र तिच्या हातात द्यायला हवं. मी देणार नाही. पेन मी उचललं होतं, सर.